मतदानाच्या आदल्या रात्री ग्रामदैवताचा भंडारा उचलायला लावतात. देवस्थानच्या विश्वस्तानं काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या देवस्थान ट्रस्टवर नुकतेच आलेले एक विश्वस्त विचारतात: निवडणूक लागली की दोन्ही पॅनेलचा नारळ आमच्याच देवळात फुटतो, यात्रेत उमेदवारांचे फ्लेक्स लागतात आणि आदल्या रात्री मतदारांकडून भंडारा (देवाची हळद) उचलून शपथा घेतल्या जातात. आजच्या काळात धर्म आणि राजकारण वेगळं असतं असं शाळेत शिकलो, मग हे चालतं कसं? आणि विश्वस्त म्हणून माझ्या हातात काय आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे गैरसमज आहे. धर्म आणि राजकारण यांच्यात सलग भिंत असलेला देश शोधायला गेलात तर मिळणार नाही. फ्रान्सचं उदाहरण सगळ्यात कडक म्हणून दिलं जातं. तिथल्या ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्यानं सरकार कुठल्याही पंथाला मान्यता, पगार किंवा अनुदान देत नाही. पण त्याआधी बांधलेल्या बहुतेक चर्चच्या इमारती तिथल्या गावांच्या मालकीच्या आहेत. आपल्या भाषेत, देवळाची मालक ग्रामपंचायत आणि कौलं बदलायचा खर्चही तिचाच. अल्सास भाग तेव्हा जर्मनीकडे होता, म्हणून तिथे तो कायदा आजही लागू नाही आणि पाद्र्यांना सरकारी पगार मिळतो. तुर्कस्तानानं १९२४ मध्ये धर्मखातं काढलं. तिथे इमाम सरकारी नोकर असतो आणि शुक्रवारच्या प्रवचनाचा मजकूर त्याच खात्यातून येतो. ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहात २६ बिशप बसतात. जर्मनीत चर्चचा कर सरकारच गोळा करतं, आयकराच्या ८ किंवा ९ टक्के. इराणमध्ये कोणी निवडणूक लढवायची हे १२ जणांची परिषद ठरवते आणि त्यातले सहा धर्मशास्त्री असतात. प्रत्येक देशानं दार ठेवलंय. ते कुठे ठेवलं आणि त्याची किल्ली कोणाकडे, एवढाच फरक.

आपल्या राज्यघटनेनं दार उघडपणे ठेवलं आहे. कलम २५ श्रद्धेचं स्वातंत्र्य देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. त्याच कलमाचा २(क) हा भाग सरकारला धर्माशी जोडलेल्या आर्थिक, वित्तीय आणि राजकीय व्यवहारांवर कायदा करू देतो. कलम २७ सांगतं की एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी कर लावता येणार नाही, आणि कलम २९० अ नुसार त्रावणकोरच्या देवस्वम (देवळांच्या) निधीला केरळ सरकारच्या तिजोरीतून दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये जातात. दोन्ही एकाच घटनेत आहेत. संस्थानं विलीन होताना त्यांची देवळं आणि वर्षासनं वाऱ्यावर सोडायची नाहीत, असं तेव्हा ठरलं होतं. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे कोल्हापूर आणि सांगलीकडची मिळून तीन हजारांहून अधिक देवळं आहेत आणि तिचा अध्यक्ष राज्य सरकार नेमतं.

सरकारनं आत यावंच लागतं अशाही वेळा असतात. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि तीनशेच्या आसपास माणसं गेली. अरुंद वाट, निसरड्या पायऱ्या, दुकानांची दाटी, आणि नंतर लागलेली आग. तिथे ‘हा आमच्या धर्माचा प्रश्न’ म्हणून प्रशासनाला बाहेर ठेवता येत नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. धार्मिक माणूस राजकारणात आला म्हणून काही बिघडत नाही. आपल्या भागातली समतेची कितीतरी कामं धर्माच्या भाषेत झाली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतून आलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी अस्पृश्यतेविरुद्धचं म्हणणं शास्त्राचाच आधार देऊन मांडलं. गाडगेबाबा कीर्तनातून जे सांगत ते राजकारणच होतं, फक्त मतं मागणारं नव्हतं. बिघडतं तेव्हा, जेव्हा देवस्थानच्या तीन गोष्टी उमेदवाराच्या कामाला लागतात: देवाची भीती, देवाची जागा आणि देवाचा पैसा. तुमच्या गावात तिन्ही लागलेल्या दिसतात, म्हणून एकेक घेतो.

भीतीपासून सुरू करू, कारण तुमच्या प्रश्नाचं दुखणं तिथेच आहे. भंडारा, बेल, अंगारा किंवा पायरीवर हात ठेवून घेतलेली शपथ ही गावात ‘शब्दाची गोष्ट’ समजली जाते. कायद्यात ती मतदारावर अनुचित दबाव आणण्याची गोष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(२) मध्ये हे नावानिशी लिहिलेलं आहे: तुझ्यावर किंवा तुझ्या माणसांवर दैवी कोप होईल असं मतदाराला वाटायला लावणं हा भ्रष्ट आचार आहे. कोप व्हायलाच हवा असं नाही, तसं भासवण्याचा प्रयत्न पुरे. हा कायदा विधानसभा आणि लोकसभेपुरता आहे, म्हणून ग्रामपंचायतीत काहीही चालतं असं काही जण सांगतात. ते चूक आहे. १९२० मध्येच दंडसंहितेत निवडणुकीच्या गुन्ह्यांचं प्रकरण घातलं गेलं आणि त्यात दैवी कोपाची धमकी होती. आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्ये आहे, शिक्षा कलम १७४ मध्ये, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे कलम ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद, सगळ्यांना लागतं.

अडचण कुठे येते तेही सांगतो. हा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस ठाण्यात गेलात की एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतील आणि ‘कोर्टात जा’ म्हणतील, कारण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यांना तपास करता येत नाही. त्यात ते अडवणूकच करतात असं समजू नका, कायदाच तसा आहे. दुसरी अडचण साक्षीदाराची. ज्यानं भंडारा उचलला तो सांगायला येत नाही, कारण त्याच्या मनात शपथ अजून जिवंत असते.

म्हणून दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे जागेकडे वळायचं. इथे विश्वस्ताच्या हातात खरं बळ आहे आणि बहुतेक विश्वस्तांना त्याचा पत्ताच नसतो. धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायदा, १९८८ हा दोन-तीन पानांचा कायदा आहे, मिळवून वाचाच. त्याचं कलम ३ सांगतं की धार्मिक संस्थेनं किंवा तिच्या व्यवस्थापकानं आपली जागा राजकीय कामासाठी वापरू द्यायची नाही. कलम ५ संस्थेच्या निधीबद्दल तेच सांगतं. कलम ६ उत्सव, मिरवणूक आणि मेळाव्याबद्दल, म्हणजे तुमची यात्रा, छबिना, पालखी सगळं आलं. ‘राजकीय काम’ या शब्दाच्या व्याख्येत स्थानिक संस्थेच्या निवडणुकीतल्या उमेदवाराचं कामही धरलेलं आहे, त्यामुळे ग्रामपंचायतीची पळवाट इथे नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. एवढ्या शिक्षेचा गुन्हा असल्यामुळे तो दखलपात्र ठरतो आणि पोलिसांना थेट गुन्हा नोंदवता येतो.

या कायद्यातल्या ‘व्यवस्थापक’ या शब्दात तुम्ही येता. असा भंग झाला तर पोलिसांना कळवणं हे व्यवस्थापकाचं आणि संस्थेच्या नोकराचं कर्तव्य आहे. गप्प बसणं हाच वेगळा दोष होतो. दोषी ठरलेल्याचं पद जातं आणि सहा वर्षं कुठल्याही धार्मिक संस्थेत पद घेता येत नाही. या कायद्याखाली शिक्षा झालेला माणूस, मग फक्त दंड का झालेला असेना, सहा वर्षं आमदार-खासदारकीला अपात्र होतो. पॅनेलप्रमुख आधी तुमचं ऐकणार नाहीत, पण हे शेवटचं वाक्य कागदावर दाखवलंत की ऐकतात.

मग नारळाचं काय? उमेदवारानं देवदर्शन घेणं, नारळ फोडणं, पुजाऱ्याच्या पाया पडणं यात गुन्हा नाही. तो त्याचा धर्म आहे आणि कलम २५ त्याला ती मोकळीक देतं. गुन्हा सुरू होतो तो मंडपातल्या माइकवरून ‘चिन्हावर शिक्का मारा’ म्हटलं की, पक्षाचा झेंडा देवळाच्या दीपमाळेला बांधला की, पालखीपुढे उमेदवाराच्या नावाच्या टोप्या वाटल्या की. सीमा अशी ठेवा: उंबरठ्याच्या आत चिन्ह, झेंडा, उपरणं, माइक आणि पत्रक यातलं काही नको. दोन्ही पॅनेलला एकच नियम. एका गटाला सभामंडप दिला आणि दुसऱ्याला नाही, असं झालं की ट्रस्टच फुटतो. दोघांनाही दिला तर दोघांसोबत तुम्हीही गुन्ह्यात.

‘धर्माच्या नावावर मत मागितलं’ हे सिद्ध करणं मात्र वाटतं तेवढं सोपं नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) त्याला मनाई करतं, पण त्याच्या अर्थावरून न्यायालयांत कित्येक वर्षं वाद चालला. पार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतली रमेश प्रभू यांची निवड धर्माच्या नावावर मतं मागितल्यामुळे रद्द झाली आणि ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. त्याच दिवशी मनोहर जोशींची निवड मात्र वाचली. महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल असं म्हणणं ही एक आशा आहे, धर्माच्या नावावर मत मागणं नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. कायद्यातल्या ‘त्याचा धर्म’ या शब्दात फक्त उमेदवाराचा धर्म येतो की मतदाराचाही, हा वाद २ जानेवारी २०१७ ला सात न्यायमूर्तींच्या पीठानं चार विरुद्ध तीन मतांनी मिटवला: उमेदवार, त्याचा प्रतिनिधी, मतदार, कोणाचाही धर्म वापरता येणार नाही. तिघांचं वेगळं मत असं होतं की एखाद्या समाजावर झालेल्या अन्यायाबद्दल बोलणं आणि त्या समाजाच्या नावानं मत मागणं यांची गल्लत होऊ नये. तिघांची ही चिंता मला खरी वाटते. वस्तीत पाणी येत नाही कारण ती अमुक समाजाची आहे, हे प्रचारात बोलता आलंच पाहिजे. ज्या निवडणुकीवरून हे प्रकरण उभं राहिलं ती १९९० ची होती. निकालाच्या जिवावर बसलात तर एक पिढी जाते, म्हणून आधीच रोखायचं.

न थांबवलेली ठिणगी कुठवर जाते हे मिरजेनं पाहिलंय. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवाच्या कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून दंगल झाली, ती सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेली, आणि पुढच्याच महिन्यात विधानसभेचं मतदान होतं. त्याच मिरजेत ख्वाजा शमना मीरांच्या उरुसात गवयांनी हजेरी लावायची परंपरा आहे. त्याच जिल्ह्यात कडेगावला मोहरमचे उंच ताबूत बांधताना आणि उचलताना हिंदू हात लागतात. धर्म तोच, उत्सवही तेच. फरक पडतो तो कमान, स्टेज आणि मिरवणुकीचा मार्ग निवडणुकीच्या तोंडावर कोण ठरवतं यानं. उत्सव समितीच्या बैठकीत मार्ग, कमानीवरचा मजकूर आणि चित्र आधी ठरवून पोलीस ठाण्यात लेखी द्यायचं ते याचसाठी. मिरवणुकीच्या सकाळी कोणी नवं चित्र आणलं तर ‘मंजूर यादीत नाही’ एवढं सांगता आलं पाहिजे.

आता पैसा. राजकारण देवळात शिरतं ते बहुतेक वेळा दानपेटीतून आणि जमिनीतून. देवस्थानाला इनाम वर्ग ३ ची, म्हणजे देवाच्या सेवेसाठी इनाम दिलेली जमीन असेल तर ट्रस्टवरचा ताबा म्हणजे कोणाला खंडानं द्यायची याचा ताबा. सातबारा काढून बघा, देवाचं नाव कुठल्या रकान्यात आहे आणि वहिवाटदार म्हणून कोण लागलंय. तिथे गडबड असेल तर निवडणुकीआधी तेच मिटवायला घ्या, कारण प्रचारात तुमच्यावर पहिला दगड त्यावरूनच येणार.

ट्रस्टची निवड झाली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ नुसार ९० दिवसांच्या आत सहायक धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यायचा असतो. हा अर्ज राहिला किंवा हरलेल्या गटानं हरकत घेतली की शेड्यूल एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीवर, जुनीच नावं राहतात, बँक सही बदलून देत नाही आणि खातं अडकून पडतं. यात्रेच्या तोंडावर मांडववाल्याला द्यायला पैसे नाहीत, मग पैसे घेऊन कोण येतो? उमेदवार. तिथून त्याचा फ्लेक्स हलवायची कोणाची हिंमत होत नाही. त्यामुळे तुम्ही नवे आहात तर पहिलं काम हे करा: शेड्यूल एकचा ताजा उतारा काढा आणि तुमचं नाव त्यावर लागलंय का बघा.

यात्रा कमिटी ट्रस्टपासून वेगळी आणि नोंदणी नसलेली असेल तर वर्गणी गोळा करण्यासाठी कलम ४१ क ची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. पावतीपुस्तकं अनुक्रमांकाची, किती छापली त्याची नोंद वहीत. दानपेटी दोन विश्वस्त आणि दोन पंचांसमोर उघडायची, मोजणीचा कागद जागेवर सह्यांनिशी. आचारसंहिता लागल्यापासून निकालापर्यंत कुठल्याही उमेदवाराची किंवा पॅनेलची देणगी घेऊ नका, मग ती जीर्णोद्धाराची असो, महाप्रसादाची असो की कुस्ती मैदानाच्या पहिल्या इनामाची. मतांच्या बदल्यात देवळाला दिलेला पैसासुद्धा लाच ठरू शकतो. देणगीदारांची यादी लावायची तर एका फलकावर, एकाच मापाच्या अक्षरात, फोटोशिवाय. फ्लेक्सचा प्रश्न यातच सुटतो: देवस्थानच्या हद्दीत यात्रेचा कार्यक्रम आणि जमाखर्च सोडून दुसरा फलक नाही.

हे सगळं ठरावात आणा. निवडणूक जाहीर होण्याची वाट बघू नका, आताच सभा घ्या. ठरावाची प्रत पोलीस ठाण्याला, तहसीलदारांना आणि दोन्ही गटांच्या म्होरक्यांना पोच घेऊन द्या. पुढे कोणी भंग केला तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे उत्तर त्यांच्याकडे उरत नाही, आणि तुमच्या अंगावरही येत नाही.

पुरावा ठेवायची वेळ आली तर एक चूक टाळा. व्हॉट्सॲपवर फिरून आलेला व्हिडिओ कोर्टात फारसा टिकत नाही. ज्या मोबाइलवर शूटिंग झालं तो मोबाइल जपून ठेवा, फाइल काटछाट न करता, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडा. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचं स्पष्ट केलं, मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी. विधानसभा-लोकसभेच्या वेळी निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवरून जागेवरूनच तक्रार करता येते, १०० मिनिटांत निर्णय द्यायची त्याची पद्धत आहे, पण गॅलरीतला जुना फोटो त्यात चढत नाही. निवडणुकीलाच आव्हान द्यायचं तर विधानसभेला निकालापासून ४५ दिवस आणि उच्च न्यायालय, ग्रामपंचायतीला १५ दिवस आणि दिवाणी न्यायाधीश. मुदत चुकली की सगळं संपलं.

शेवटी पुन्हा भंडाऱ्याकडे येतो. शेजारतीनंतर गाभारा बंद करून किल्लीची नोंद सहीनिशी ठेवलीत तरी शपथा थांबणार नाहीत, पुडीत भंडारा घेऊन त्या एखाद्या शेतातल्या वस्तीवर होतील. उपसरपंच निवडीआधी सहलीला नेलेल्या सदस्यांकडूनही अशाच घेतात. तिथे ट्रस्टचा हात पोहोचत नाही. तिथे पोहोचतो तो पुजाऱ्याचा शब्द. भीती देवाच्या नावानं घातलेली आहे, त्यामुळे ती वकिलाच्या सांगण्यानं जात नाही, देवाच्या माणसानं सांगितली तरच जाते. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात गुरवाला, मानकऱ्यांना, सप्ताह असेल तर कीर्तनकारांना विनंती करा की त्यांनी लोकांसमोर एवढंच म्हणावं: दाबून घेतलेली शपथ देव धरत नाही, तिच्यापायी कोणाच्या लेकराबाळाला काही होत नाही, मत ज्याचं त्यानं द्यावं. उमेदवाराचं, पॅनेलचं, चिन्हाचं नाव तोंडी येऊ द्यायचं नाही, मग ते राजकीय काम होत नाही. म्हाताऱ्या बायका हे ऐकून मोकळ्या होतात, कारण सगळ्यात जास्त भीती त्यांनाच घातलेली असते.

हाच मजकूर ट्रस्टच्या नावानं देवळाच्या दारात लावा. तीन ओळी पुरतात: ‘या देवस्थानात मतासाठी शपथ दिली-घेतली जात नाही. कोणी जबरदस्तीनं घेतली असेल तर ती देवावर बंधनकारक नाही आणि तुमच्यावरही नाही. मतदान गुप्त आहे.’ खाली ठराव क्रमांक, तारीख आणि ट्रस्टचा शिक्का. छापताना अक्षर मोठं ठेवा, चष्मा नसलेल्यालाही वाचता यावं.